तारेखालची जागा

बास गिटारचा पिकअप बदलायचा विचार आला की बहुतेक वादक कंपनीच्या नावापासून सुरुवात करतात. कुठल्या कंपनीचा घ्यावा, अल्निकोचा की सिरॅमिकचा, सात हजार ओहमचा की अकरा हजारांचा, हे प्रश्न आधी येतात. या पुस्तकाचा क्रम वेगळा आहे. पिकअप तारेच्या नेमक्या कुठल्या भागाखाली बसतो, त्याच्यासाठी लाकडात कोणत्या मापाचा खड्डा कोरलेला आहे आणि त्याच्या पुढे कोणतं सर्किट आहे, हे आधी पाहायचं. चुंबक, वेढे आणि कंपनी नंतर. बासच्या आवाजात पिकअपच्या जातीपेक्षा त्याच्या जागेचा वाटा मोठा असतो असं माझं ठाम मत आहे, आणि ही जागा कारखान्यातच ठरून आलेली असते. लाकूड कोरल्याशिवाय ती हलत नाही. नवा पिकअप घेणाऱ्याच्या हातात त्यामुळे मर्यादित गोष्टी उरतात, पण त्या मर्यादेत करण्यासारखं पुष्कळ आहे.

जागेचं महत्त्व या वाद्याच्या इतिहासातच दिसतं. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथून 1951 साली प्रिसिजन बास बाजारात आणली, तेव्हा तिच्यात चार खांबांचा एकच सिंगल कॉइल पिकअप होता. प्रत्येक तारेखाली एक चुंबकी खांब. 1957 साली त्यांनी त्या पिकअपचे दोन भाग केले. ई आणि ए या जाड तारांखालचा भाग नेककडे सरकला, डी आणि जी तारांखालचा ब्रिजकडे. प्रत्येक तारेच्या दोन्ही अंगांना एकेक खांब आला. दोन्ही भागांचे वेढे आणि चुंबकांची दिशा परस्परांच्या उलट ठेवली, त्यामुळे बाहेरून शिरणारा विजेचा हम आपसांत कटतो आणि तारेचा आवाज तेवढा पुढे जातो. प्रिसिजनचे, म्हणजे पी-बासचे, आजचे बहुतेक पिकअप याच आराखड्यावर बनतात. या आराखड्यात जागेचा एक निर्णय आहे: जाड तारा ब्रिजपासून जरा लांब ऐकल्या जातात म्हणून गोल लागतात, बारीक तारा ब्रिजच्या जवळ ऐकल्या जातात म्हणून धारदार लागतात. काही उत्पादक हे दोन भाग उलट क्रमानं बसवतात. चुंबक तेच, वेढे तेच, तरी ई तार आवळल्यासारखी आणि जी तार भरलेली वाटते.

1960 साली जॅझ बास आली. तिच्यात दोन सिंगल कॉइल पिकअप, एक नेकच्या बाजूला, एक ब्रिजच्या बाजूला, आणि दोघांचं मिश्रण वादकाच्या बोटांत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फेंडर कंपनीनं यातला मागचा पिकअप ब्रिजकडे सुमारे 1 सेंटीमीटर सरकवला. एवढ्याशा फरकानं वाद्याचा स्वभाव पालटला. थापेनं वाजवलेला, लख्ख, थोडा नाकातला असा जो सत्तरीचा जॅझ बासचा आवाज म्हणून ओळखला जातो, त्यात या एका सेंटीमीटरचा हात आहे. बाजारात ‘सत्तरीच्या आवाजाचे’ म्हणून पिकअप विकले जातात. ते साठीच्या जागेवर बसवले तर सत्तरीचा आवाज अर्धामुर्धाच येतो, हे खरेदीआधी माहीत असलेलं बरं.

असं का होतं, हे समजायला फार गणित लागत नाही. खांबातल्या चुंबकामुळे त्याच्यावरचा तारेचा तुकडा स्वतःच थोडा चुंबकी होतो. तार हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उपजते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली दाखवून दिलेलं हेच ते प्रवर्तन. पिकअप म्हणून तारेचा फक्त तेवढाच तुकडा ऐकतो, जो त्याच्या डोक्यावर आहे. तार मूळ स्वरात हलते तशीच त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांतही हलते, आणि या प्रत्येक स्वरांशाला तारेवर काही ठिकाणी जोर असतो, काही ठिकाणी शांतता. ब्रिजजवळ मूळ स्वराचं हलणं अगदी थोडं असतं, वरचे स्वरांश मात्र तिथे चांगले जिवंत असतात. मिरजेच्या कारागिराला हे वेगळ्या वाटेनं ठाऊक आहे: तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा केसभर सरकवला की त्याच तारेतून स्वरांशांचा वेगळा गुच्छ उमलतो. बासमध्ये दोरा नाही, पण पिकअप कुठे ऐकतो यावर तोच खेळ चालतो. त्यात आणखी एक गुंतागुंत अशी, की बासची तार साधारण 34 इंच मोकळी असते आणि बाराव्या फ्रेटवर दाबली की 17 इंच उरते. पिकअप जागचा हलत नाही, पण तारेच्या लांबीच्या हिशेबात त्याची जागा प्रत्येक फ्रेटला बदलते. म्हणून एकच पिकअप खाली गोल आणि वर कडक वाटू शकतो, आणि त्यात पिकअपचा दोष नसतो.

दोन वादकांची नावं इथे घ्यायलाच हवीत. डेट्रॉइटच्या मोटाउनमध्ये जेम्स जेमर्सन यांनी ज्या बासवर साठच्या दशकातली असंख्य गाणी वाजवली ती 1962ची प्रिसिजन होती. पिकअप कारखान्यातला. तारा जाड, सपाट वेष्टनाच्या, आणि त्यांनी त्या सहसा बदलल्याच नाहीत. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, उजव्या हाताची एकच तर्जनी, आणि आवाज बहुधा ॲम्प्लिफायर टाळून थेट कन्सोलमध्ये. दुसरे जॅको पास्टोरियस. त्यांची बास 1962ची जॅझ, फ्रेट काढून टाकलेली, फळीवर इपॉक्सीचा थर, तारा गोल वेष्टनाच्या, आणि भर मागच्या, ब्रिजकडच्या पिकअपवर. 1976 साली त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम आला आणि तो गाणारा, ओलसर, मधल्या पट्टीतला आवाज बासवादकांच्या कानात कायमचा बसला. दोघांनीही निराळा पिकअप विकत घेतला नव्हता. एकानं तारेचा उरलेला नाद दाबून मूळ स्वर मोकळा केला, दुसऱ्यानं ब्रिजजवळच्या जागेतून स्वरांश वेचले. जेमर्सनसारखा आवाज हवा म्हणून महागडा ‘विंटेज’ पिकअप घेणाऱ्यानं आधी सपाट वेष्टनाच्या तारा लावून पाहाव्यात, हा सल्ला मी आग्रहानं देतो.

मग पिकअप बदलायचाच कशाला? कारणं खरी आहेत आणि ती टाळून चालणार नाही. स्वस्तातल्या बासमधले पिकअप अनेकदा सैल गुंडाळलेले असतात, मेणात नीट बुडवलेले नसतात, मोठ्या आवाजाला शिट्टी मारतात. काहींचे खांब तारांच्या अंतराशी जुळत नाहीत आणि एखादी तार कायम मागे राहते. कधी कॉइलच तुटते. कधी वादकाचं संगीत बदलतं आणि जुना आवाज त्यात मावत नाही. पर्यायी पिकअपचा धंदा उभा राहिला तो याच गरजांमधून. 1972च्या सुमारास लॅरी डिमार्झिओ यांचा सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप आला, तो साध्या गिटारसाठी होता. पण मूळ कंपनीपेक्षा वेगळ्या माणसानं बनवलेला पिकअप विकत घेऊन आपल्या वाद्यात बसवायचा, ही सवय त्यानं लावली. 1976 साली सीमोर डंकन यांची कंपनी सुरू झाली, त्याच साली रॉब टर्नर यांची पुढे ईएमजी म्हणून प्रसिद्ध झालेली कंपनीही, आणि त्याच साली लिओ फेंडर यांच्या नव्या कंपनीची, म्युझिक मॅनची, स्टिंगरे बास बाजारात आली. आजच्या निवडीतले बहुतेक प्रश्न त्या काळात जन्मले.

आता ओहमच्या आकड्याबद्दल. पिकअपच्या खोक्यावर छापलेल्या रोधाच्या आकड्यानं जितकी दिशाभूल होते तितकी दुसऱ्या कशानंही होत नसेल. जुन्या पद्धतीचा पी-बास पिकअप साधारण 10 ते 11 किलोओहम दाखवतो, जॅझ बासचा 7 ते 8. यावरून पी जास्त ‘ताकदीचा’ असं लोक धरून चालतात. हा आकडा फक्त तांब्याच्या तारेचा रोध सांगतो. ती तार माणसाच्या केसाएवढी, 42 नंबरची, सुमारे 0.063 मिलिमीटर जाडीची असते. तिच्याऐवजी 43 नंबरची जरा बारीक तार तेवढेच वेढे घालून वापरली तर रोध सुमारे सव्वापट होतो, वेढे मात्र तेवढेच राहतात. दोन सारख्या कॉइल एकसर जोडल्या तर जो आकडा येतो, त्याच समांतर जोडल्या तर त्याचा चौथा हिस्सा येतो. म्हणून समांतर जोडणीच्या स्टिंगरे पद्धतीच्या हमबकरचा आकडा लहान दिसतो, आवाज लहान नसतो. तांब्याचा रोध तापमानाबरोबरही वाढतो, दर अंशाला सुमारे 0.4 टक्के. वीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत 10 किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात पस्तीस अंशांच्या खोलीत 10.6च्या जवळ जाईल. एकाच उत्पादकाच्या एकाच मालिकेतले दोन पिकअप ताडून पाहायला आणि कॉइल तुटली आहे का ते तपासायला हा आकडा चांगला. त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

चुंबकांच्या बाबतीतही वाद मूळ मुद्द्याला बगल देऊन चालतो. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट लोखंडात मिसळून केलेला मिश्रधातू. अल्निको गोड आणि सिरॅमिक कर्कश, असं सरसकट म्हटलं जातं. पण अल्निकोच्या पिकअपमध्ये बहुधा खांब हाच चुंबक असतो, तर सिरॅमिकच्या अनेक पिकअपमध्ये खांब पोलादाचे आणि खाली चुंबकाची पट्टी असते. पोलादामुळे कॉइलचं प्रेरकत्व वाढतं आणि उंच स्वरांश आधीच गळतात. आपण ऐकतो तो फरक पुष्कळदा या रचनेचा असतो, चुंबकाच्या रसायनाचा नसतो. सीमोर डंकनच्या क्वार्टर पाउंड या पी-बास पिकअपचं उदाहरण घ्या: पाव इंच जाडीचे चुंबक आणि जास्त वेढे, म्हणून आवाज दांडगा, मधली पट्टी पुढे. अशा पिकअपमध्ये एक धोकाही असतो. चुंबक जोरकस आणि तारेच्या फार जवळ असला तर तो तारेलाच ओढतो. वरच्या फ्रेटवर स्वर डळमळतो, नाद लवकर मरतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपशी साधारण 2 ते 3 मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी आणि मग कानानं ठरवावं.

सर्किटचा भाग नवख्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो, म्हणून त्यावर दोन प्रकरणं खर्च केली आहेत. ‘ॲक्टिव्ह बास’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी फिरतात. एकीत पिकअप साधेच असतात आणि पुढे बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प असतो, स्टिंगरे अशीच. दुसरीत पिकअपच्या आतच छोटा प्रीॲम्प बंद केलेला असतो. ईएमजीची ख्याती त्यासाठी. साध्या पिकअपपुढे बहुधा 250 किलोओहमचे पॉट लागतात, ईएमजीसारख्यांना 25 किलोओहमचे, आणि 9 व्होल्टच्या बॅटरीसाठी बॉडीत जागा लागते. पॉट न बदलता पिकअप तेवढा बदलला तर नॉब नीट काम करत नाही आणि दोष नव्या पिकअपच्या माथी येतो. स्टिंगरेचा जो आवाज लोकांना हवा असतो तो पिकअप आणि प्रीॲम्प दोघांचा मिळून आहे. त्यातला एकच आणला तर निम्मा मजकूर हाती येतो. साध्या सर्किटमध्येही टोनचा कपॅसिटर, पॉटची किंमत आणि केबलची लांबी या तिन्हींचा आवाजाच्या वरच्या टोकावर परिणाम होतो. हे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत थोड्या पैशांत मिळतात. पिकअपवर काही हजार घालण्याआधी तिथे एक फेरी मारावी.

हमचा प्रश्न आपल्याकडे खास आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, अमेरिकेची 60ची. बासच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी हा स्वर 49 हर्ट्झचा. सिंगल कॉइलमध्ये शिरलेला 50 हर्ट्झचा हम आणि हा जी एकमेकांच्या इतके जवळ आहेत की लांबवलेल्या स्वरात सेकंदाला एक असा हेलकावा जाणवू शकतो. जॅझ बासचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असताना त्यांचा हम परस्परांत कटतो, एक कमी केला की परततो. खड्ड्यात तांब्याचा कागद चिकटवून खरखर कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रानं येणारा हम त्या कागदाला जुमानत नाही. ज्याला मागच्या पिकअपवर एकट्यानं वाजवायचं आहे आणि लग्नाच्या हॉलमध्ये, गणपतीच्या मांडवात, दिव्यांच्या डिमरशेजारी वाजवायचं आहे, त्यानं जॅझच्याच कवचात दोन कॉइल असलेले हमविरहित पिकअप घ्यावेत. शुद्ध सिंगल कॉइलच्या वरच्या लकाकीतलं थोडं काही त्यात जातं, हे मान्य करूनही माझा कल त्यांच्याकडेच आहे. पी आणि जे असे दोन्ही पिकअप असलेल्या बासबद्दल तर मी अधिक स्पष्ट आहे: पीचे दोन भाग आपला हम आपणच कापतात, जेचा हम कापायला कुणी नसतं, म्हणून तिथे मागे साधा सिंगल कॉइल घेऊ नये.

दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवणाऱ्यांनी फेजची तपासणी करावी. दोन्ही उघडल्यावर खर्जच नाहीसा झाला आणि आवाज पोकळ, पत्र्यासारखा आला तर वायर उलट्या जोडल्या आहेत. काटा असलेला जुना मल्टिमीटर लावून खांबाला पोलादी स्क्रूड्रायव्हर टेकवला की काटा कुठल्या बाजूला उडतो ते दिसतं; दोन्ही पिकअपचा काटा एकाच बाजूला उडायला हवा. सोल्डरिंगच्या आधी हे केलं की पुढचे कष्ट वाचतात.

किनारपट्टीवरच्या वादकांसाठी एक वेगळी सूचना. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी आणि अल्निकोच्या खांबांवर गंज चढतो, जुन्या पद्धतीच्या फायबरच्या पट्ट्या ओल धरतात आणि केसाएवढी तांब्याची तार टोकाला, जिथे ती डागलेली असते तिथे, कुजून तुटते. इपॉक्सीत पूर्ण बंद केलेले पिकअप, उदाहरणार्थ बार्टोलिनी आणि ईएमजी, या हवेत निर्धास्त राहतात. उघड्या खांबांचा पिकअप घेतलाच तर वाजवून झाल्यावर घाम पुसणं हा देखभालीचा भाग धरावा.

आपल्याकडे हे वाद्य नवं नाही. राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत टोनी वाझ यांची बास नीट कान देऊन ऐकली तर लक्षात येतं, की वाद्यवृंदात तबला, ढोलक, काँगो आणि तंतुवाद्यांच्या गर्दीत बासला मिळालेली पट्टी किती अरुंद होती आणि तरी ती किती स्पष्ट बोलते. पाश्चात्त्य रॉक बँडसाठी आखलेला पिकअप डग्ग्याच्या शेजारी तसाच वागेल असं नाही. डग्गा आणि बास दोघेही खर्जात ऐसपैस बसले तर दोघांचाही गाळ होतो. अशा ठिकाणी खर्ज वाढवणाऱ्या पिकअपपेक्षा मधली पट्टी ठळक ठेवणारा उपयोगी पडतो. आज मुंबईच्या मोहिनी डे पाच-सहा तारांच्या बासवर कोन्नक्कोलच्या बोलांचा वेग सोडतात, तेव्हा गरज उलटी होते: प्रत्येक आघात सुटा ऐकू यायला हवा आणि खालची बी तार, 31 हर्ट्झच्या आसपासची, तरीही पसरता कामा नये. पाच तारांच्या बासमध्ये तारांचं अंतर उत्पादकागणिक बदलतं, म्हणून सुट्या खांबांपेक्षा सलग पट्टीचा पिकअप घेणं सोयीचं.

मापांबद्दल थोडक्यात, कारण परिशिष्टात तक्ते आहेत. चार तारांचे पी-पिकअप बहुधा एकमेकांच्या जागी बसतात. जॅझचे तसे नाहीत: फेंडरच्या मापात पुढचा पिकअप सुमारे 92 मिलिमीटर, मागचा 94, आणि आशियात बनलेल्या बऱ्याच बासमध्ये दोन्ही एकाच मापाचे असतात. सोपबारमध्ये, म्हणजे साबणाच्या वडीसारख्या बंद कवचाच्या पिकअपमध्ये, ईएमजीची 35, 40 आणि 45 ही मापं म्हणजे साडेतीन, चार आणि साडेचार इंच लांबी, पण त्याच लांबीच्या दुसऱ्या कंपनीच्या पिकअपचे कोपरे वेगळे गोल असू शकतात.

नवा पिकअप बसवण्याआधी जुन्याचं ध्वनिमुद्रण करून ठेवावं. त्याच तारा, तीच उंची, तोच तुकडा, कुठलाही परिणाम न लावता. बसवल्यावर पुन्हा तेच करावं आणि दोन्ही मुद्रणं एकाच पातळीवर आणून ऐकावीत. मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो, आणि जास्त वेढ्यांचा पिकअप या एका गोष्टीवर खपतो. पातळी सारखी केल्यावर जो फरक उरतो तो खरा. जुना पिकअप काढताना वायर मुळाशी कापू नये, सोल्डर वितळवून सोडवावी, आणि चिठ्ठी लावून तो कोरड्या डब्यात ठेवावा. अल्निकोचे दोन पिकअप समोरासमोर दाबून ठेवू नयेत, चुंबक एकमेकांना क्षीण करतात. जॅझ बासच्या वाचकांनी पहिल्या तीन प्रकरणांनंतर थेट हमच्या प्रकरणाकडे गेलं तरी चालेल. पी-बासवाल्यांनी तारांचं आणि उंचीचं प्रकरण मात्र वगळू नये, कारण त्यांचं काम बरेचदा तिथेच होऊन जातं.